झाडू आपला, दरही आपला

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेले भाषण, वाचक मैत्रिणींसाठी)

दुपारची भांडी आवरून, कोणी शेंगा फोडत, कोणी गोधडीला टाके घालत ऐकत असाल. आज मी साफसफाईच्या कामाबद्दल बोलणार आहे. घरातल्या सफाईबद्दल नाही, ती आपण जन्मभर फुकट करतोच. पतसंस्था, दवाखाना, मंगल कार्यालय, शाळा, दुकानाचं शोरूम, कंपनीचं ऑफिस अशा ठिकाणची सफाई बचत गटाने महिन्याच्या बोलीवर कशी मिळवायची, आणि मिळाल्यावर त्यात तोटा कसा होऊ द्यायचा नाही, ते सांगते.

मी याचं शिक्षण घेतलेली बाई नाही. जे शिकले ते चुकून शिकले, म्हणून आधी चूकच सांगते.

आमचा अकरा जणींचा गट. पापड-कुरडया करायचो, पण उन्हाळा संपला की काम बंद. मग कळलं की तालुक्याच्या गावात एका पतसंस्थेला सफाईला बाया पाहिजेत. आम्ही चौघी गेलो. साहेबांनी विचारलं, "महिन्याचे किती घ्याल?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं. एकीने अंदाजाने सांगितलं, सहा हजार. साहेब लगेच हो म्हणाले. ते इतक्या लगेच हो म्हणाले, तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं. पण आम्ही खुशीत, पेढे वाटले.

महिना झाल्यावर वही घेऊन बसलो. रोज दोघीजणी, दोन-दोन तास, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे १०४ तास काम. रिक्षाला दोघींचे मिळून रोज ८० रुपये, महिन्याचे २,०८०. फिनेल, टॉयलेट क्लीनर, फडकी, कचऱ्याच्या पिशव्या यांचे ९००. झाडू-मॉप झिजतात त्याचे २००. सहा हजारांतून हे गेल्यावर हातात राहिले २,८२०. १०४ तासांनी भागलं तर तासाला २७ रुपये. खुरपायला गेलो असतो तरी यापेक्षा जास्त मिळाले असते, आणि घराजवळ.

साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "दर तुम्हीच सांगितला होता." खरंच होतं ते. सहा महिन्यांची बोली होती, ती निभावली. नंतर नीट हिशोब करून नवा दर सांगितला, तर ते काम गेलं. वाईट वाटलं. पण तोच हिशोब घेऊन फिरलो तेव्हा पुढच्या दोन महिन्यांत दोन कामं मिळाली, एक दवाखान्याचं आणि एक ट्रॅक्टरच्या शोरूमचं. तो हिशोब आणि ते फिरणं कसं केलं, तेच आज सांगायचं आहे.

कोणाकडे जायचं

एका दुपारी गटातल्या दोघींनी तालुक्याच्या एकाच रस्त्याने चालत जायचं, आणि दोन्ही बाजूंच्या जागा वहीत लिहायच्या. पतसंस्था, दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब, खासगी शाळा, क्लासेस, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप, गाड्यांचं शोरूम, वकील-सीए यांची ऑफिसं. प्रत्येकापुढे लिहायचं की इथे निर्णय कोण घेतं.

हे महत्त्वाचं आहे. मोठ्या बँकेच्या शाखेत बऱ्याचदा सफाईचा ठेका वरच्या कार्यालयातून ठरतो. तिथले मॅनेजर कितीही चांगले असले तरी त्यांच्या हातात काही नसतं, आणि आपल्या दहा फेऱ्या वाया जातात. याउलट डॉक्टर, शोरूमचा मालक, मंगल कार्यालयाचा मालक दोन दिवसांत हो किंवा नाही सांगतो. म्हणून सुरुवात मालक जिथे स्वतः बसतो तिथून करा. दोन-तीन जागा सांभाळल्याचा अनुभव झाला की मग मोठ्या ठिकाणी जा.

जाण्याची वेळही बघा. दवाखान्यात सकाळी पेशंटची गर्दी असते, दुपारी ती ओसरल्यावर जा. पतसंस्थेत मार्चअखेर कोणाला बोलायला फुरसत नसते. मंगल कार्यालयाशी लग्नसराईच्या आधी बोला, हॉल बुक व्हायला लागल्यावर नाही. आणि सगळा गट घेऊन जाऊ नका. दोघीच जा, एक बोलणारी आणि एक लिहिणारी.

आधी बघा, मग दर सांगा

"किती घ्याल?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. त्याचं उत्तर घरून पाठ करून जा: "साहेब, जागा बघून उद्या लेखी देतो." यात लाजण्यासारखं काही नाही. घर रंगवणारा भिंती बघितल्याशिवाय दर सांगत नाही, मग आपण का सांगावा?

जागा बघताना काय लिहायचं? खोल्या किती, जिना आहे का. फरशी कसली आहे: टाइल्स, शहाबादी की संगमरवर. संगमरवरावर ॲसिड पडलं की चकाकी जाते आणि भरपाई आपल्या गळ्यात येते. संडास किती आणि ते किती माणसं वापरतात. नळाला पाणी किती वाजता येतं. कचरा कुठे टाकायचा. कुलपाची किल्ली कोणाकडे. फिनेल-झाडू त्यांचे की आपले.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: "आत्ता सफाईचा तुम्हाला काय त्रास होतो?" आम्ही ज्या ज्या ठिकाणी हे विचारलं, तिथे जवळजवळ सगळीकडे एकच उत्तर मिळालं. खाडे. बाई न सांगता येत नाही. सकाळी दवाखाना उघडतो आणि संडासाचा वास पेशंटपर्यंत येतो. महाग आहे, ही तक्रार क्वचित कोणी केली. म्हणजे मालकाला स्वस्त बाई नको असते, न चुकणारं काम हवं असतं. आणि एकट्या बाईला जे जमत नाही ते गटाला जमतं, कारण एक आजारी पडली तर दुसरी असते. आपल्याकडे विकायला खरं हेच आहे.

दर कसा काढायचा

वहीत सहा ओळी करा. मी त्याच पतसंस्थेचं उदाहरण घेते.

पहिली ओळ मजुरीची. १०४ तास, तासाला ७० रुपये धरले तर ७,२८०. हे ७० उदाहरणासाठी आहेत. तुमच्या भागाचा आकडा तुम्ही घाला, पण किमान वेतनाच्या खाली जाऊ नका. किमान वेतन सरकार ठरवतं आणि त्यातला महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चालू दर विचारता येतो.

दुसरी ओळ सामानाची, ९००. तिसरी येण्या-जाण्याची, २,०८०. चौथी झाडू-मॉपच्या झिजेची, २००. पाचवी बदली बाईची, ५००. कोणी आजारी पडली, कोणाकडे लग्न निघालं, तर ऐनवेळी जी जाईल तिला थोडं जास्त द्यावं लागतं, ते यातून द्यायचं. या पाच ओळींची बेरीज १०,९६०.

सहावी ओळ गटाची, दहा टक्के, म्हणजे १,०९६. बिल करणं, फोन, पैशासाठी फेऱ्या, हे सगळं कोणीतरी करतं. त्याचा मोबदला धरला नाही तर ती बाई चार महिन्यांनी कंटाळते आणि काम ढेपाळतं.

एकूण झाले १२,०५६. आम्ही सांगितले होते ६,०००, म्हणजे निम्मेसुद्धा नाही.

आता हे वाचून कोणी म्हणेल, इतके कोण देणार? दोन गोष्टी करता येतात. पहिली, एकाच गल्लीतल्या दोन जागा घ्या. रिक्षाचे २,०८० दोन कामांत वाटले तर प्रत्येकाला १,०४० पडतात, आणि तोच दर सुमारे १०,९०० वर येतो. बाईची मजुरी एक रुपयाने कमी झाली नाही. म्हणूनच मी आधी म्हटलं, एकाच रस्त्याने चाला.

दुसरी गोष्ट, मालक म्हणाला महाग आहे, तर दर कमी करू नका, काम कमी करा. "साहेब, काचा आणि पंखे आठवड्याला पुसतो. वरचा मजला एक दिवसाआड घेतो. मग इतके होतील." असं बोललं की त्यालाही कळतं की हा दर हवेतून आलेला नाही. नुसतं "बरं, दोन हजार कमी द्या" म्हटलं, की त्याला वाटतं आधी उगाच जास्त सांगितले होते.

लेखी द्यायचं ते असं

कोटेशन एका पानाचं असू दे, मराठीतच. वर गटाचं नाव, पत्ता, फोन. मग काम तीन भागांत लिहा: रोजचं, आठवड्याचं, महिन्याचं. रोज: झाडणं, पुसणं, संडास-बेसिन, कचरा. आठवड्याला: काचा, पंखे, जाळ्या-जळमटं. महिन्याला: टाइल्सचे सांधे घासणं, गॅलरी धुणं. कामाची वेळ लिहा. सामान कोणाचं ते लिहा. दर लिहा, आणि दर वर्षी तो वाढवून ठरेल हेही लिहा. बिल कधी आणि पैसे किती दिवसांत, तेही.

आणि शेवटी एक वाक्य ठळक लिहा: "बाई येणार नसेल तर त्याच दिवशी गटातली दुसरी बाई येईल." आमची पुढची दोन्ही कामं या एका वाक्यावर मिळाली.

नमुना दाखवायचा असेल तर एक संडास किंवा एक खोली एकदा स्वच्छ करून दाखवा. आठवडाभर फुकट करून दाखवा म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

संडास कोणी धुवायचा

हे वाक्य लिहिणं सोपं आहे, पाळणं अवघड. का, ते आमच्या गटातलंच सांगते. हे बोलायला मला जड जातं, पण सांगितलं पाहिजे.

पहिल्या कामावर संडास-बाथरूम कोण करत होतं? कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोललं नव्हतं. पण ते काम आपोआप आमच्यातल्या दोन ताईंच्या वाट्याला गेलं, आणि त्या दोघी कोणत्या वस्तीतून येतात ते मी सांगायची गरज नाही. तुम्हाला कळलं असेल. एकदा त्यांच्यातली एक आजारी पडली आणि दुसरी माहेरी गेली होती. त्या दोन दिवशी संडास धुतलाच गेला नाही. साहेबांनी फोन करून झापलं.

बैठकीत ती ताई बोलली. म्हणाली, "गट सगळ्यांचा, कर्ज सगळ्यांच्या नावावर, आणि हे काम तेवढं आमच्या जातीच्या नावावर का?" बराच वेळ कोणाला उत्तर सुचलं नाही. मलाही नाही. माझ्या मनातही ते कधी खटकलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून वहीत पाळी लावली. आठवड्याला दोघींची संडासाची पाळी, अध्यक्षापासून सगळ्यांची. हातमोजे आणि गमबूट गटाच्या खर्चातून. दोघींच्या घरच्यांनी कुरकुर केली, एक बाई गट सोडून गेली. पण राहिलेल्या दहाजणींना आता प्रत्येक काम येतं, म्हणून कोणीही कोणाच्या जागी उभी राहू शकते. न्याय म्हणून केलेली गोष्ट धंद्यालाही उपयोगी पडली. तुमच्या गटात पाळी नसेल, तर मालकाला शब्द देण्याआधी ती लावा.

कागद आणि पैसे

मोठ्या ठिकाणी काम मागायचं तर तीन कागद लागतात. गटाचं बँक खातं, गटाचं पॅन कार्ड आणि उद्यम नोंदणी. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर होते आणि ती फुकट आहे. तिच्यासाठी सरकारी फी नाही, हे फॉर्म भरून देणाऱ्यालाही सांगा.

उद्यम नोंदणीचा एक मोठा फायदा म्हणजे पैसे वेळेवर मागण्याचा हक्क. २००६ च्या सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे आपल्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी काही नसेल तर १५ दिवस. उशीर केला तर व्याज द्यावं लागतं, आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. रोज उठून तक्रारी करायच्या नसतात. पण बिलाखाली उद्यम क्रमांक लिहिला असला की पैसे देणारा जरा लवकर आठवण ठेवतो.

बिलातून पैसे कापून आले तर घाबरू नका. वर्षाचे एकूण १ लाखाच्या वर गेले, की बरीच कार्यालयं टीडीएस कापतात. एकट्या बाईच्या नावाचं बिल असेल तर १ टक्का, गटाचं असेल तर २ टक्के. ते पैसे आपल्या पॅनवर जमा असतात आणि कर लागत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतात. पण पॅन दिलं नसेल तर २० टक्के कापतात. जीएसटीची नोंदणी आपल्याकडे सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, तोपर्यंत बिलात जीएसटी लावायचा नाही.

कंपनीत गेलात तर ते पीएफ आणि ईएसआयचं विचारतील. साधारण दहा माणसं कामाला झाली की ईएसआय आणि वीस झाली की पीएफ लागू होतो. तेव्हा हिशोबनिसाला विचारूनच पुढे जा. लहान गटानेही अपघात विमा मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण मिळतं, बँक खात्यातूनच होतं.

ही कामं घेऊ नका

काम हवं म्हणून सगळ्याला हो म्हणायचं नाही. सेप्टिक टाकीत किंवा गटारात माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी म्हणालं, "जाता जाता टाकी पण बघा," तर सरळ नाही म्हणा. आत विषारी वायू असतो, त्यात माणसं मेली आहेत.

दवाखान्यात सुया, रक्ताचे बोळे, सलाईनच्या नळ्या यांच्यासाठी २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे वेगळे डबे आणि पिशव्या असतात. हे वेगळं करणं दवाखान्याच्या लोकांचं काम, केरातून हाताने सुया वेचणं आपलं नाही. तो कचरा हाताळायचाच असेल तर कावीळ-बी आणि धनुर्वाताची लस बायकांना देणं दवाखान्याची जबाबदारी आहे. हे करारात लिहून घ्या.

ब्लीचिंग आणि ॲसिडचं टॉयलेट क्लीनर कधीही एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो. एक वापरलं की भरपूर पाण्याने धुवा, मग दुसरं.

आणि कामाच्या जागी कोणी वाईट नजरेने, वाईट बोलण्याने त्रास दिला, तर ते काम कितीही मोठं असो, गटाला सांगा. अशा तक्रारीसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. सुरुवातीला आम्ही एकटीला कुठेच पाठवत नव्हतो, अजूनही नाही.

आपण पहिल्या नाही

मैत्रिणींनो, हे कोणी केलंच नाही असं नाही. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ मध्ये 'सेवा' ही संघटना उभी केली. तिच्याशी जोडलेल्या कागद वेचणाऱ्या बायांनी 'सौंदर्य' नावाची सहकारी संस्था करून कार्यालयांच्या सफाईची कामं घेतली. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. त्या बायाही आधी एकट्या-एकट्याच काम करत होत्या. एकटीशी कोणी करार करत नाही, संस्थेशी करतात. आपल्याकडे तर गट आधीच आहे, वही आहे, बैठकीची सवय आहे.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. दोघीजणी एका रस्त्याने चाला आणि दहा जागा लिहून आणा. पुढच्या बैठकीत त्यातली एक जागा घेऊन सहा ओळींचा हिशोब मांडा, सगळ्यांसमोर, फळ्यावर किंवा जमिनीवर खडूने. जिला लिहिता येत नाही तिलाही आकडे कळू देत, कारण तीही त्या दराने राबणार आहे. आणि संडासाची पाळी त्याच दिवशी ठरवा.

आमच्या पहिल्या पतसंस्थेसमोरून मी आजही बाजाराला जाते. तिथे आता एक म्हातारी एकटीच पायरी झाडत असते. परवा थांबून तिला विचारलं, महिन्याचे किती मिळतात. ती म्हणाली, तीन हजार. मी तिला आमच्या बैठकीचा वार सांगून आले आहे. बघू, येते का.

येते, नमस्कार.